शके १८४५, माघ शुद्ध पंचमी : एका शाळेच्या स्मरणिकेचं प्रकरण

२०२३ च्या जुलैत, पाऊस ऐन भरात असताना, तिघेजण आमच्या कॉलेजात भेटायला आले. गोव्याच्या नव्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या तालुक्यांतल्या) एका गावच्या मराठी प्राथमिक शाळेची शंभरी आली होती. शाळेच्या दारावर पाटी होती, ‘स्थापना १९२३’. समारोपाचा दिवस ठरला होता १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिनाच्या सुट्टीचा. फलक छापून झाले होते, स्मरणिकेच्या जाहिराती गोळा होत होत्या. राहिला होता तो आठ पानांचा इतिहास. “तुमची इतिहासाची मुलं लिहून देतील का? माहिती सगळी आम्ही देऊ, मुलांनी फक्त भाषा बघायची,” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

मी हो म्हटलं. तृतीय वर्षाच्या सहा जणांना तोच प्रकल्प दिला. पुढचे सात महिने जे घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण पदवीच्या वर्गात इतिहास शिकवणाऱ्यांना त्यातून काही उचलता येईल असं मला मनापासून वाटतं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. समितीला आणि मुलांना तसा शब्द दिला आहे.

हो म्हणण्यामागे माझं स्वतःचं एक दुखणं होतं. दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलासमोर कोणीतरी आई किंवा वडील विचारतात, “मॅडम, इतिहास घेऊन पुढे काय?” मी वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर देत आले : स्पर्धा परीक्षा, बी.एड., पर्यटन, वकिली. ही सगळी नोकऱ्यांची नावं झाली. तीन वर्षं आमच्याकडे बसून मूल नेमकं काय करायला शिकतं, हे मी एकदाही सांगितलं नव्हतं, कारण मीही ते नीट मांडून पाहिलं नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला : तीन वर्षांना १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०, शिवाय इंटर्नशिप आणि कौशल्याचे वेगळे पेपर. तेव्हापासून विभागाविभागांत ‘कौशल्य कुठून आणायचं’ याच्या बैठका होतात आणि बहुतेक वेळा संगणकाचा एखादा कोर्स जोडून विषय मिटतो. मला ते पटत नाही. आमच्या विषयाची जी पद्धत आहे, तेच कौशल्य आहे. फक्त ती पद्धत परीक्षेच्या प्रश्नापुरती न ठेवता, उत्तराची खरोखर कोणीतरी वाट बघतंय अशा जागी वापरून बघायला हवी. इथे ती जागा आपण होऊन दारात आली होती.

आधी थोडी पार्श्वभूमी

पोर्तुगीज अमलात गावोगावच्या मराठी शाळा बहुतेक लोकांनीच चालवल्या. देवळाच्या अग्रशाळेत (आवारातल्या धर्मशाळेत), नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर पंतोजी बसायचा. त्याचं जेवण घराघरांत वाटून दिलेलं असायचं, पगार वर्गणीतून. पणजीच्या मुष्टिफंड या शिक्षणसंस्थेच्या नावातच मूठमूठ तांदळाची आठवण आहे. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची जुनी बंधनं सैल झाली आणि अशा शाळांना बळ मिळालं. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी सरकारी मराठी शाळा काढल्या आणि पंतोजीच्या बऱ्याच शाळा त्यांत विरून गेल्या. म्हणून अशा शाळेचे १९६१ आधीचे कागद शाळेच्या कपाटात सहसा नसतातच. असलेच तर देवस्थानात, घरांच्या पेट्यांत आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यात.

पहिली चूक माझीच

पहिल्याच आठवड्यात दोन मुलं गावातल्या सर्वांत वयस्क माजी विद्यार्थ्याला भेटायला गेली. आजोबा ८५ वर्षांचे. मुलांनी मोबाइलवर बोलणं टिपून आणलं आणि वर्गात ऐकवलं. पहिला प्रश्न होता, “आजोबा, शाळा १९२३ सालीच सुरू झाली ना?” आजोबा म्हणाले, “होय.” दुसरा : “अमुक घराण्याने सुरू केली ना?” “होय, होय.” वीस मिनिटांच्या बोलण्यात आजोबा ‘होय’पलीकडे फार तर चाळीस शब्द बोलले असतील. मुलं खूश होती, पाटीवरचं साल आणि समितीने दिलेलं नाव दोन्ही ‘सिद्ध’ झालं होतं.

मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मौखिक इतिहासावर मी दोन तास व्याख्यान दिलं होतं, पण एकदाही कोणाला समोर बसवून प्रश्न विचारायला लावला नव्हता. आता वर्गात मी एकच हिशेब फळ्यावर मांडला : आजोबांचा जन्म १९३८ चा. १९२३ बद्दल त्यांना स्वतःला काय माहीत असणार? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सत्तरी तालुक्याहून येणारी एक मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यांना जे दिसलं तेच विचारायचं.”

पुढचे दोन तास आम्ही फक्त प्रश्न तयार केले. ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येईल असा प्रश्न बाद. साल विचारणारा प्रश्न बाद, कारण साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. ती मुलगी दुसऱ्यांदा एकटी गेली आणि तिने सुरुवात केली ती अशी : “तुम्ही शाळेत जायचात तेव्हा डोक्यावर छप्पर कशाचं होतं?”

“तेव्हा कुठली कौलं, बाय? चुडतांचं छप्पर. पावसात पाटी पोटाशी धरून बसायचो.”

चुडतं म्हणजे माडाच्या झावळ्या. मग आजोबा तासभर बोलले. कौलं कधी आली, असं तिने विचारलं नाही. ती कशी आली, असं विचारलं. बैलगाडी वर चढेना म्हणून कौलं खालून हातोहात वर नेली, त्या रांगेत आजोबा स्वतः उभे होते, लग्न व्हायचं होतं. “पोर्तुगेज गेले त्याच्या आदल्या वर्षी.” हे वाक्य तिने वहीत लिहून खाली रेघ मारली. त्याचा उपयोग काय होणार हे तेव्हा तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

साठ, आणि पुढे डॉलरचं चिन्ह

ऑगस्टमध्ये समितीने त्यांच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद दिला. पिवळा पडलेला, चार घड्यांचा मोठा ताव. वर मथळा : ‘शाळा स्थापनेचे देणगीदार, १९२३’. खाली तीसेक नावं आणि रकमा. पहिलं नाव अध्यक्षांच्या आजोबांचं. पाटीवरचं साल आणि ‘संस्थापक घराणं’ ही ओळख, दोन्ही या कागदावर उभी होती.

सहा जणांतला पेडण्याचा एक मुलगा संध्याकाळी दुकानात गल्ल्यावर बसायचा, म्हणून गावच्या फेऱ्यांना त्याला येता येत नसे. मी त्याला यादी टाइप करायचं काम दिलं. खरं सांगायचं तर, त्याच्यासाठी काहीतरी उरलंसुरलं शोधून दिलं. शिक्षक म्हणून हा माझा आळस होता. घरची ओढाताण असलेल्या मुलाच्या वाट्याला नेहमी टायपिंगच येतं.

तिसऱ्या दिवशी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. “मॅडम, गोव्यात डॉलर चालायचे?” यादीत रक्कम अशी होती : साठ, त्यापुढे डॉलरसारखं चिन्ह, मग दोन शून्यं. मी त्याला सांगितलं की पोर्तुगीज लोक एस्कुद हे आपलं चलन असंच लिहीत, चिन्ह मध्ये घालून. तो गेला नाही. “आणखी एक आहे. साठ, तीस, अठरा, बारा, सहा, परत तीस. सगळे आकडे सहाने भागले जातात. देणगी कोण अठरा देतं? वीस देईल, नाहीतर पंधरा देईल.”

मला क्षणभर काही सुचेना. मग मी त्याला पोर्तुगीज गोव्याच्या चलनावर जे मिळेल ते वाचून यायला सांगितलं. उत्तर मुद्दामच सांगितलं नाही. दोन दिवसांनी तो जे घेऊन आला ते असं : गोव्यात १९५८ पर्यंत रुपया होता, एका रुपयाचे सोळा तांगे. १९५८ मध्ये रुपया जाऊन एस्कुद आला आणि दर ठरला एका रुपयाला सहा एस्कुद. म्हणजे लोक मनात अजून रुपयांतच मोजत होते. दहा रुपये द्यायचे म्हणून साठ, पाच द्यायचे म्हणून तीस, तीन द्यायचे म्हणून अठरा. नवं चलन हातात आलं होतं, डोक्यात उतरलं नव्हतं. कागद १९५८ नंतरचा, पण फार नंतरचा नाही.

वर्गात यावर खरी चकमक झाली. एकीने आक्षेप घेतला की पोर्तुगालात एस्कुद १९११ पासूनच होता, मग १९२३ च्या कागदात तो येणं अगदीच अशक्य कसं? प्रश्न चोख होता. उत्तर गल्ल्यावरच्या मुलाने दिलं : “लिस्बनच्या सरकारी कागदात येईल. पण ज्या गावात हातात रुपया आहे तिथला माणूस शाळेला देणगी रुपयातच लिहील. आणि सहाच्या पटीत तर नाहीच देणार.” गोव्यात, कोसंबेत, १९०७ साली जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी प्राचीन नाण्यांची वजनं करून, झिजेचा हिशेब मांडून इतिहास लिहिला. त्या दिवशी मी मुलांना ते सांगितलं, कारण हा मुलगा नकळत त्याच वाटेवर दोन पावलं चालला होता.

मग सगळे कागदावर वाकले. नावं आणि रकमा टाकाच्या काळ्या शाईत, मथळा निळ्या बॉलपेनने, अक्षरही वेगळं. “म्हणजे कागद खोटा आहे,” कोणीतरी म्हणालं. इथे मी मध्ये पडले. कागदातली एकही रक्कम खोटी नव्हती. तीस माणसांनी खरोखर पैसे दिले होते. कशासाठी, एवढंच मथळा चुकीचं सांगत होता. तेव्हा सत्तरीच्या मुलीने वही उघडली आणि रेघ मारलेलं वाक्य वाचलं : पोर्तुगेज गेले त्याच्या आदल्या वर्षी. कौलं. १९६०.

त्या तासाला कोणी घंटेकडे पाहिलं नाही.

वाळवीने खाल्लेला अंक

आता शाळा सुरू कधी झाली हा प्रश्न पुन्हा मोकळा झाला. पणजीच्या पुराभिलेखात आम्ही दोन दिवस बसलो. १५९५ पासूनची परंपरा सांगणारं हे दफ्तर, सत्तरीच्या पिसुर्ल्याहून आलेल्या इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर सांभाळलेलं आणि वाचलेलं. मुलं पहिल्यांदाच पेन्सिल घेऊन वाचायला बसली. आमच्या शाळेबद्दल काहीही सापडलं नाही. मी त्यांना तेही लिहायला लावलं : कुठली बाडं पाहिली, कोणत्या सालांची, कशासाठी, आणि त्यांत नाही. मुलांना हे विचित्र वाटलं. न सापडलेल्या गोष्टीची नोंद कशाला, असा एक चेहरा मला अजून आठवतो.

कागद सापडला तो गावातच. देवस्थानच्या लाकडी पेटीत जुन्या कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) होत्या, मोडी लिपीत. महाजनांनी (देवस्थानच्या वंशपरंपरागत कारभाऱ्यांनी) पेटी उघडू दिली, फक्त कागद देवळाबाहेर न्यायचा नाही, या अटीवर. मोडीची ओळख असलेल्या दोन मुली होत्या. ओळख म्हणजे दहा दिवसांची कार्यशाळा. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि हात न उचलता अक्षरं लटकवत जातात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नसतं, पैशाच्या पाव-अर्ध्या-पाऊणला उभ्या रेघा. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक पान वाचलं. दर शनिवारी सकाळी जायच्या, सभामंडपात बसायच्या, संध्याकाळच्या आरतीला पेटी बंद. गावातल्या एका निवृत्त मास्तरांना मोडी येत होती. ते शेजारी बसायचे, पण आपणहून सांगायचे नाहीत. “तुम्ही वाचा, अडलात तर बघू,” एवढंच. त्यांच्याकडून मी शिकवणं शिकले.

ऑक्टोबरच्या मध्यात ती ओळ मिळाली. माघ शुद्ध पंचमी, अग्रशाळेत शाळा मांडली, पंतोजीस शिधा. सालाचे तीन अंक स्पष्ट, एक-आठ-चार. चौथा वाळवीने अर्धा खाल्लेला. एकीला तो पाच दिसत होता, दुसरीला नऊ. चार वर्षांचा फरक.

इथे मुलींनी जे केलं ते मी कुठल्याही तासाला शिकवलेलं नव्हतं. पान मागे उलटत त्या वर्षाच्या आरंभापर्यंत गेल्या. पाडव्याच्या पानावर हिशेबनिसाने संवत्सराचं नाव घातलं होतं : रुधिरोद्गारी. पंचांगांत साठ संवत्सरांचं चक्र असतंच. शके १८४५ ला रुधिरोद्गारी येतो, १८४९ ला प्रभव. वाळवीने अंक खाल्ला होता, नाव सोडलं होतं.

शके १८४५. अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९२३. पाटी बरोबरच होती, असं सगळ्यांना वाटलं आणि थोडा सुस्काराही सुटला. मीही पाच मिनिटं त्याच आनंदात होते. पण कीर्द पुढे वाचणाऱ्या मुलीने विचारलं, “मॅडम, माघानंतर फाल्गुनात शिमग्याचा खर्च आहे आणि मग पाडवा, १८४६. मग हा माघ १९२३ चा कसा?” शके चैत्रात बदलतं, इंग्रजी साल पौषाच्या आसपास. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत अठ्ठ्याहत्तर नव्हे, एकोणऐंशी मिळवायचे. ती वसंत पंचमी फेब्रुवारी १९२४ ची. कधीतरी कोणीतरी सरळ अठ्ठ्याहत्तर मिळवून पाटी रंगवली होती, आणि त्या पाटीवरून पुढे कोणीतरी जुन्या यादीला निळा मथळा दिला होता.

एक नाव

कीर्दीत पुढच्या वर्षी घरवार वर्गणीची यादी होती. कोणी चार तांगे, कोणी आठ. दोघांनीच रुपया दिला होता. त्यांतलं एक गावचं मोठं घर. दुसरी एक बाई. तिच्या नावापुढे देवळाच्या सेवेशी जोडलेला एक शब्द होता. तो आज कोणी कोणाला म्हणत नाही आणि म्हणू नये.

सहा जणांत दोन तट पडले. एक म्हणे, कागदात आहे ते जसंच्या तसं छापायचं, आपण कोण गाळणारे. दुसरा म्हणे, नावच नको, उगाच कोणाला लागेल. मला दोन्ही नको होतं. नाव गाळलं तर शंभर वर्षांपूर्वी ज्या बाईने मोठ्या घराच्या बरोबरीने शाळेला पैसा दिला ती दुसऱ्यांदा पुसली गेली असती. मुलांनी तिच्या घरच्यांना शोधलं. ते आता फोंड्याला राहतात. दोघी मुली जाऊन कीर्दीतला उतारा त्यांना वाचून दाखवून आल्या. त्या घरच्या काकींनी उतारा दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “नाव घाला. रुपया घाला. बाकी शब्द नको.” मुलींनी त्यांच्यासमोरच तसं लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली.

संमती घेणं म्हणजे काय, हे मी फॉर्म वाटून शिकवत आले होते. त्या दिवशी मुलींनी ते प्रत्यक्ष केलं.

समितीची बैठक आणि एक वाक्य

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलं समितीसमोर गेली. त्याआधी चार दिवस आम्ही फक्त पहिल्या वाक्यावर बसलो होतो.

समितीच्या टिपणात वाक्य होतं : ‘१९२३ साली गावातील दानशूर घराण्याने स्वखर्चाने ही शाळा स्थापन केली.’

मुलांचा पहिला खर्डा : ‘शाळेच्या स्थापनेबाबत मतभेद असून उपलब्ध पुरावे परस्परविरोधी आहेत.’ मी तो परत दिला. त्यात खोटं काही नव्हतं, पण सात आठवडे मोडी वाचून जे हाती लागलं होतं ते सगळं त्या वाक्याने टाकून दिलं होतं. आपल्याला जे ठामपणे माहीत आहे ते ठामपणे सांगायला विद्यार्थी घाबरतात, आणि जे माहीत नाही ते सांगायला समित्या घाबरतात. चांगल्या वाक्यात दोन्ही लागतं.

शेवटचं असं झालं : ‘देवस्थानच्या कीर्दीतील नोंदीप्रमाणे शके १८४५ च्या माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे फेब्रुवारी १९२४ मध्ये, अग्रशाळेत ही शाळा मांडली गेली. पंतोजींचा शिधा देवस्थानाने दिला, वर्गणी गावातल्या घरांनी. पुढाकार कोणाचा होता हे या कागदांतून कळत नाही. १९६० च्या सुमारास चुडतांच्या जागी कौलं आली. त्या वर्गणीच्या यादीत पहिलं नाव अध्यक्षांच्या आजोबांचं आहे.’

बैठकीत अध्यक्ष बराच वेळ गप्प होते. मग त्यांचा आवाज चढला. फलक छापलेत, आमंत्रणं गेलीत, आता पोरं येऊन आमच्या आजोबांचं नाव पुसणार का? मी उत्तर द्यायला सरसावले होते, पण गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाने, जो त्या दिवशी दुकानातून सुट्टी काढून आला होता, टेबलावर यादीची प्रत ठेवली. “काका, नाव पुसत नाही. हे बघा, साठ एस्कुद. तेव्हाचे दहा रुपये. यादीत एवढी रक्कम दुसऱ्या कोणाचीच नाही. तुमच्या आजोबांनी छप्पर दिलं. ज्या आजोबांनी ती कौलं वर नेली ते अजून आहेत, आम्ही त्यांचं बोलणं लिहून आणलंय.” आणि त्याने सगळा हिशेब, सहाच्या पटीसकट, शांतपणे समजावून सांगितला. तारखेवर मात्र तो हटला नाही.

अध्यक्षांनी यादी हातात घेतली, चष्मा लावला, एकेक आकडा सहाने भागून पाहिला. त्यांना पटायला त्यानंतरही दोन बैठका लागल्या. तोडगा शेवटी त्यांनीच सुचवला : समारोप पुढे ढकलू. १९ डिसेंबरला नुसती प्रभातफेरी, समारोप वसंत पंचमीला. शके १९४५ ची वसंत पंचमी १४ फेब्रुवारी २०२४ ला होती, आणि शंभर वर्षं नेमकी त्याच दिवशी भरत होती.

स्मरणिका त्या दिवशी निघाली. बाईचं नाव चौथ्या पानावर आहे.

गुण कशाचे दिले

स्मरणिकेला मी गुण दिलेच नाहीत, ती समितीची होती. निम्मे गुण शोध-वहीला होते. प्रत्येक कागदासाठी चार रकाने : कोणाकडे मिळाला, काय सांगतो, काय सांगत नाही, आणि हे मला आधी काय वाटत होतं. चौथा रकाना मुलांना सर्वांत जड गेला. पहिल्या महिन्यात तो रिकामाच असे. मी ते रिकामे रकाने लाल न करता परत देत राहिले. सप्टेंबरपासून तिथे ‘वाटलं डॉलर’, ‘वाटलं खोटा कागद’, ‘वाटलं १९२३ पक्कं’ असं येऊ लागलं. पुढच्या वर्षी हा रकाना पहिल्याच दिवशी, पहिल्या तासाला भरून घ्यायचा असं मी ठरवलं. आणि गावाला येऊ न शकणाऱ्या मुलाच्या हाती सगळ्यात कठीण कागद द्यायचा.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. मुलांनी हे सगळं केलं, पण आपण काय केलं ते त्यांना सांगता येत नव्हतं. मार्चमध्ये नोकरीच्या मुलाखतींची तयारी घेताना त्याच पेडण्याच्या मुलाला मी विचारलं, तुझ्याबद्दल सांग. तो म्हणाला, “शाळेच्या इतिहासावर प्रोजेक्ट केला.” आणि थांबला. मी म्हटलं, आता ‘इतिहास’ आणि ‘प्रोजेक्ट’ हे दोन शब्द न वापरता सांग, त्या तीन दिवसांत तू काय केलंस.

त्याने जरा विचार केला. “एक जुनी यादी माझ्याकडे टाइप करायला आली होती. आकड्यांत एक सारखेपणा दिसला. विचारल्यावर कळलं की यादीवर लिहिलेली तारीख आणि पैशाची पद्धत जुळत नाही. मग तारीख बरोबर की पैसा, हे तिसऱ्या ठिकाणाहून तपासलं. आणि ज्यांना ते ऐकायला आवडणार नव्हतं, त्यांना समोर बसून समजावलं.” मी त्याला हे चार वाक्यांत वहीत लिहायला लावलं. आता हा तास मी सगळ्या तृतीय वर्षाला घेते. प्रत्येकाने आपल्या वहीतला एक प्रसंग निवडायचा आणि विषयाचं नाव न घेता सांगायचा.

तो मुलगा आज एका हिशेब तपासनिसाच्या कार्यालयात आहे. ‘वाटलं १८४९’ असं जिने वहीत लिहिलं होतं ती मुलगी बार्देशात एका वकिलांकडे जमिनीच्या मालकीचा शोध घेण्याचं काम करते. पोर्तुगीज काळातला मातृज (जमीन-कराची नोंद), सत्तरच्या दशकातला सर्व्हे, एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा), मधली विक्रीखतं, असे कागद एकमेकांना लावून बघायचे आणि अहवाल लिहायचा. दिवाळीत भेटली तेव्हा सांगत होती की तिच्या अहवालात शेवटी नेहमी एक परिच्छेद असतो, कुठे कुठे पाहिलं आणि काय मिळालं नाही याचा. वकीलसाहेबांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. तिने पणजीचे ते दोन दिवस सांगितले.

शाळेच्या पाटीवर आता वर ‘शके १८४५’ आहे आणि खाली ‘१९२४’. पटसंख्या कमीच आहे, पहिलीत या वर्षी पाच मुलं.

कीर्दीत सात वर्षांच्या नोंदी आहेत. दर महिन्याला शिधा, दसऱ्याला धोतरजोडी, एकदा आजारपणात औषधाला दोन तांगे. ज्याला हे सगळं दिलं त्याला प्रत्येक ठिकाणी ‘पंतोजी’ एवढंच म्हटलं आहे. आजोबांनी वडिलांकडून ऐकलंय की तो सावंतवाडीच्या बाजूने चालत आला होता. या वर्षीच्या मुलांना मी त्याचं नाव शोधायला सांगितलं आहे. दोघी जणी शनिवारी मास्तरांकडे मोडी शिकायला जातात, आणि त्यांच्या वहीच्या चौथ्या रकान्यात पहिल्याच दिवशी लिहिलेलं आहे : ‘वाटतं, सापडणार नाही.’